सध्याची स्थिती : घरकाम

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही कुठलाही फॉर्म भरायचा असला, की तो आधी माझ्या टेबलावर येतो. टेबल म्हणजे काय, तर शिवणाचं जुनं मशीन, त्याच्यावर एक फळी आणि फळीवर प्लास्टिक. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं माझं मीच, पुडीला बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही कधी. अक्षर मात्र देवाने चांगलं दिलं. कळव्याला राहायला आले त्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या एका बाईला रेशन कार्डाचा अर्ज लिहून दिला, तो पास झाला, आणि तेव्हापासून माझा हात शुभ आहे असं सगळ्या बायकांनी ठरवून टाकलं. त्याला आता तीस वर्षं होतील.

आमची एक पद्धत आहे. आधी माझ्याकडे कच्चा फॉर्म भरायचा. आधार कार्डावर नाव एक असतं, रेशन कार्डावर दुसरं, बँकेत तिसरंच. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधेच कुणीतरी घुसवलेला एखादा काना. ते सगळं समोर मांडायचं, जुळवायचं, आणि निळ्या पेनने स्वच्छ लिहून काढायचं. मग तो कागद जायचा समोरच्या दारात. समोरच्यांची मुलगी तो बघून मोबाइलवर पक्का फॉर्म भरायची. कागद माझा, मोबाइल तिचा. सरकारने बायकांना महिन्याच्या महिन्याला मदत द्यायची ठरवली, तेव्हा आमच्या दोघींच्या दारांमध्ये चपलांचा असा ढीग पडायचा की वरच्या मजल्यावरच्यांना उडी मारून जायला लागायचं. आमच्या हातून गेलेला एकही फॉर्म परत आला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढे जे झालं ते कळावं म्हणून सांगतेय.

मला स्वतःला ती मदत मिळाली नाही. पासष्टच्या पुढे गेलेले ना मी. समोरच्या मुलीचा मोठा भाऊ मला म्हणायचा, "आजी, आमच्या घरात आईला पैसे, बहिणीला पैसे. तुम्ही आणि मी दोघंच राहिलो. तुमचं वय जास्त आणि माझी जात पुरुषाची."

"मग आपण दोघं मोर्चा काढू," मी म्हणायची.

"काढू ना. तुमचे गुडघे बरे होऊ देत."

हसून बोलायचा, पण त्याला लागत होतं ते मला दिसायचं. पोरगा बीए झालेला. तीन वर्षं पोलीस भरतीचा अभ्यास चाललेला. पहाटे उठून खाडीकडच्या रस्त्याने धावायचा, मग नऊ वाजता बॅग पाठीला लावून अभ्यासिकेत. अभ्यासिका बंद असली तरी बॅग लावून बाहेर पडायचा. का विचारलं तर म्हणाला, "घरात बसलेलं पप्पांना दिसलं की त्यांचा चहा कडू होतो." लग्नाला गेला की नातेवाईक विचारायचे, अजून बेकारच का रे? शेवटी त्याने लग्नांना जायचं बंद केलं. घरात त्याच्यासाठी रोज दोन अंडी आणि दूध वेगळं ठेवलेलं असायचं, कारण त्याला छाती भरवायची होती. भावाचा अभ्यास चालू असला की टीव्हीचा आवाजसुद्धा घाबरून बसायचा.

आता मुलीचं सांगते. ती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आयटीआय केलं तिने, इलेक्ट्रिशियनचं. वर्गात सगळी मुलं आणि ही धरून तीन मुली. पास झाली ती चांगल्या मार्कांनी. एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ म्हणून काढलं, वर्ष संपल्यावर त्यांनी मुलांतले चार ठेवले आणि मुलींना सांगितलं, बघू, कळवू. तेव्हापासून ती घरी. बिल्डिंगमधला एकही पंखा, एकही मिक्सर तिच्या हातून सुटलेला नाही. कुणाची ट्यूब लागली नाही की हाक यायची, "अगं, जरा बघ ना." ती यायची, स्टुलावर चढायची, टेस्टर दातात धरायची, आणि पाच मिनिटांत उजेड. कुणी काही द्यायला गेलं की तिची आई म्हणायची, "राहू दे हो. घरीच तर असते ती."

बघा, भाऊ बेकार होता आणि बहीण घरी असायची. दोघांना नोकरी नव्हती, दोघांच्याही कपाटात सर्टिफिकेटं होती. पण तिला बेकार म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. सकाळी आईबरोबर डबे करायची (आई पंधरा-वीस जणांचे डबे देते), दुपारी भांडी, संध्याकाळी माझ्याकडचे फॉर्म, आणि मधल्या वेळात आई तिच्यासाठी स्थळं बघायची. गावाकडची माणसं, साताऱ्याच्या बाजूची. त्यांच्या लेखी मुलीचं चाललेलं होतं छान.

तर एक दिवस सरकारचीच दुसरी योजना आली. शिकलेल्या आणि नोकरी नसलेल्या मुलामुलींना काही महिने सरकारी कचेऱ्यांमध्ये कामावर घ्यायचं, थोडे पैसे द्यायचे, काम शिकवायचं. भावाने अभ्यासिकेतून दोन फॉर्म आणले. "एक माझा, एक हिचा," म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं, न सांगता दोन आणले म्हणून.

त्या आठवड्यात त्यांच्या आईचा हात मुरगळला होता. बाथरूममध्ये पाय घसरला आणि हातावर पडली. त्यामुळे सगळे डबे मुलीच्या अंगावर आले. ती माझ्याकडे आली ती कणीक लागलेल्या हातांनी, कागदपत्रांची पिशवी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "आजी, सगळं यात आहे, तुम्ही भरा. माझ्या पोळ्या तव्यावर आहेत."

मी दोन्ही फॉर्म भरायला बसले. नाव, पत्ता, शिक्षण. मग एक रकाना आला, सध्याची स्थिती. पुढे छापलेले शब्द, जे लागू असेल त्यावर खूण करायची. नोकरी, स्वतःचा व्यवसाय, शिक्षण, घरकाम, बेरोजगार. मुलाच्या फॉर्मवर मी बेरोजगारपुढे खूण केली. मग मुलीचा फॉर्म घेतला. समोरच्या दारातून पोळ्यांचा वास येत होता, लाटण्याचा आवाज येत होता. माझं पेन घरकामावर गेलं आणि मी खूण केली. चांगली ठळक. एक क्षण थांबलेसुद्धा नाही.

नेहमीसारखं तिने मोबाइलवर भरलं असतं तर तिच्या लक्षात आलं असतं. पण तिच्या हाताला सवड कुठे होती? भाऊ दोन्ही कागदांवर वडिलांची सही घेऊन स्टेशनजवळच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेला. दुकानवाल्याने जसं लिहिलं होतं तसं टाइप केलं आणि पावत्या दिल्या.

पंधरा-वीस दिवसांनी यादी लागली. भावाचं नाव होतं. बहिणीच्या नावापुढे अपात्र.

ती संध्याकाळी माझ्याकडे आली. हातात तो कच्चा फॉर्म. फळीवर ठेवला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. मी चष्मा लावला आणि बघितलं, घरकामावर ठळक खूण.

"ही खूण तुमची आहे ना आजी?"

"माझीच."

"मला वाटलं दुकानवाल्याने केली असेल. भांडायला निघाले होते."

"माझ्याशी भांड मग."

ती खुर्ची ओढून बसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली, जरासं, आणि म्हणाली, "मी बेरोजगार आहे हे कुणाला पटतच नाही. मला वाटायचं, तुम्हाला तरी पटलंय."

पोरीचं ते वाक्य मला अजून टोचतं. टोचायला कारणही आहे, कारण जगात कुणाला हे कळायला हवं होतं तर ते मला. मी ठाण्याला एका कंपनीत चौदा वर्षं रेडिओच्या सर्किटला डाग द्यायचं काम केलं. सोल्डरिंगचं. आम्ही साठ-सत्तर बायका एका रांगेत बसायचो, डोळ्यांसमोर भिंग, हातात गरम पेन. माझे मालक, म्हणजे पोरांचे वडील, कामाला होते ती कंपनी तिथून हाकेच्या अंतरावर. दोन्ही कंपन्या एकाच वर्षात बंद पडल्या. मग आमच्या घरी माणसं यायला लागली. मालकांच्या खांद्यावर हात ठेवायची, म्हणायची, बघू कुठे काही असलं तर, धीर सोडू नको. दोन वर्षं ते बेकार होते आणि सगळी कोपरी त्यांच्यासाठी हळहळत होती. तेव्हा आम्ही कोपरीला राहायचो. आणि मला काय म्हणायची तीच माणसं? "बरं झालं, सुटलीस. आता पोरांना गरम पोळी मिळेल." माझीही नोकरी गेली होती. त्यांच्याइतकाच पगार होता माझा. पण मी बेकार झालेच नाही, मी घरी आले. त्या वेळी मी संडासात जाऊन रडायचे, कारण घरात रडायला कारण काय सांगणार?

आणि तीच मी, इतक्या वर्षांनी, स्वतःच्या हाताने, त्या पोरीच्या नावापुढे तीच खूण केली.

हे सगळं मी तिला त्या संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "चौदा वर्षं सोल्डरिंग? मग माझ्या मागे लागायचात कशाला आजी, मिक्सर बघ म्हणून? तुम्हालाच येत असेल की."

"डोळे राहिले नाहीत गं."

"चला मग, उद्या ठाण्याला जाऊ. दुरुस्ती करायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

दुसऱ्या दिवशी बुधवार. डबे सकाळी भाऊ पोचवून आला, पहिल्यांदाच, दोन डबे उलटसुलट देऊन. आम्ही दोघी रिक्षाने खाडीचा पूल ओलांडून ठाण्याला गेलो. योजनेच्या कार्यालयात खिडकीवर एक बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला.

"ताई, तुम्ही इथे घरकामावर खूण केलीये," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही कामात आहात असं धरलं गेलं. ही योजना बेरोजगारांसाठी आहे."

मी मधे पडले. "म्हणजे घरकाम हे काम धरतात?"

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "फॉर्मपुरतं धरतात आजी."

मागे रांगेतली एक बाई खुदकन हसली. मलाही हसू आलं, खरं सांगते. आयुष्यभर चूल सांभाळली, त्याला कधी कुणी काम म्हटलं नाही. आणि म्हटलं ते नेमकं आमच्या पोरीची जागा घालवायला.

पण त्या बाई मनाने चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, "साध्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहून द्या की खूण चुकीची झाली, तुम्ही बेरोजगार आहात. खाली तुमची सही आणि कुटुंबप्रमुखाची सही. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत आणून द्या, मी बदलून देते."

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "मी छान लिहून देते. विनंती अर्ज माझ्या हातचा कधी..."

"नाही आजी," ती म्हणाली. "हा मी लिहिते."

आणि लिहिला तिने, माझ्याच फळीवर बसून. मी शेजारी भाजी निवडत होते आणि डोकावून बघत होते. मी लिहिते तेव्हा माझ्या अर्जात कृपया, विनम्र, उपकृत असे शब्द चार तरी येतातच. तिच्या अर्जात एकही नव्हता. तिने लिहिलं होतं, "मी घरी राहते आणि घरातली कामं करते. माझा भाऊही घरी राहतो. मी इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलं आहे, एक वर्ष काम शिकले आहे आणि पुढे मला काम मिळालेलं नाही. मी काम शोधत आहे. म्हणून मी बेरोजगार आहे. आधीची खूण चुकून झाली आहे." बस, एवढंच. चूक कुणाची ते लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना काय करायचंय?"

आता राहिली वडिलांची सही. मला वाटलं, ही तर सोपी गोष्ट.

वडील शाळेच्या बसवर ड्रायव्हर. दुपारची शिफ्ट संपवून सहाला घरी येतात, हातपाय धुऊन चहा घेतात, तेवढ्या वेळात कुणी काही विचारत नाही. गुरुवारी चहा झाल्यावर मुलीने कागद पुढे केला. मी दारातच उभी होते, आमची दारं कधी बंद नसतात. त्यांनी वाचला. परत वाचला.

"बेरोजगार? हे काय लिहिलंयस?"

"आहे ते लिहिलंय पप्पा."

"घरात कमावता बाप असताना पोरगी बेरोजगार कशी होईल? मी तुला खायला घालत नाही का? हे वाचून लोक काय समजतील, पोरीच्या कमाईवर डोळा आहे याचा."

"आणि ते साताऱ्याचं स्थळ," आई आतून म्हणाली. "त्यांना आपण सांगितलंय, मुलगी घरात असते, सगळं येतं तिला. त्यांच्या कानावर हे गेलं तर?"

भाऊ दाराशी बूट काढत होता. तो म्हणाला, "पप्पा, माझा फॉर्म तर तुम्ही वाचलाही नाही. बसच्या स्टिअरिंगवर ठेवून सही केली."

"तुझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? मीही तुमचंच खातो. अंडी धरून जास्तच खातो."

"तू गप्प बस."

मी आता बोलायलाच हवं होतं. पुढे झाले आणि म्हटलं, "अहो, खूण माझ्या हातून चुकली. पोरीचा दोष नाही. तुम्ही सही केलीत तर माझं ओझं उतरेल."

"तुमची चूक नाही मावशी," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर तेच लिहिलं होतं."

कागद त्यांच्या मांडीवर तसाच. शुक्रवार उजाडायला एक रात्र राहिलेली आणि मला दिसत होतं, हे काही होत नाही.

मुलगी त्यांच्यासमोर खाली बसली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "पप्पा, लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा तुम्ही रोज युनिफॉर्म घालून खाली जायचात. आठवतं?"

मला आठवत होतं. बसेस मैदानात रांगेने उभ्या असायच्या आणि हा माणूस खाकी कपडे घालून रोज सकाळी जाऊन आपल्या बसचं इंजिन चालू करून बसायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचा.

"मी यायचे तुमच्याबरोबर. बॅटरीच्या तारा कशा घट्ट करायच्या ते तुम्ही मला तिथेच दाखवलंत. मी टॉर्च धरायचे. एकदा वॉचमनने विचारलं, काय, आता घरीच असता वाटतं? तुम्ही त्याला काय म्हणालात?"

आतला मिक्सर थांबला.

"म्हणालो, घरी नसतो. नोकरी नाहीये सध्या."

"तेच लिहिलंय मी," ती म्हणाली.

त्यांनी कागद परत उचलला. या वेळी वाचला नाही, नुसता धरून बसले. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पेन द्या मावशी."

सही केली. खाली वडील असं लिहिलं, आणि बाजूला बसचालक. मग मुलीला म्हणाले, "अक्षर तुझं मावशींपेक्षा बरं आहे." त्यावर मी रागावले नाही.

शुक्रवारी तिने एकटीने जाऊन कागद दिला. पुढच्या यादीत तिचं नाव आलं. नेमणूक कल्याणच्या बाजूला, पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर. भावाला मिळाली होती जन्ममृत्यूच्या दाखल्यांची खिडकी.

पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे येऊन हताश बसायची. "आजी, मला खुर्ची दिलीये. रजिस्टर दिलंय. दर तासाला मीटरचे आकडे लिहायचे. मुलगी आहे, बसून लिहील म्हणतात. हत्यारांच्या कपाटाची किल्ली मागितली तर ऑपरेटर काका म्हणाले, बेटा, हात काळे होतील."

"मग?"

"मग काय, लिहिते आकडे."

आणि इथेच मला या पोरीपुढे हात जोडावेसे वाटतात. आकडे लिहायला दिले तर तिने ते मन लावून लिहिले. तिच्याआधी म्हणे सगळे तासातासाचे आकडे संध्याकाळी एकदम बसून भरायचे, अंदाजाने, सगळे सारखे. हिने खरे लिहिले. दोन आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की दोन नंबरची मोटर दुपार झाली की जास्त करंट ओढायला लागते, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त. तिने ऑपरेटर काकांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी आधी हसून सोडून दिलं, मग मोटरीवर हात ठेवून बघितला, मग हसले नाहीत. मोटर उघडली तर आतलं बेअरिंग घासत आलेलं. आणखी काही दिवस चालली असती तर जळाली असती, आणि निम्म्या वस्तीला पाणी नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला कपाटाची किल्ली दिली. वर म्हणाले, "हात धुवायला साबण खालच्या खणात आहे."

भावाचंही सांगायला हवं, त्याच्यावर अन्याय नको. खिडकीवर बसून त्या पोराचा बोलकेपणा कामाला आला. म्हातारी माणसं, नुकतं घरचं माणूस गेलेले लोक यायचे, काय लिहायचं सुचायचं नाही. हा खिडकी सोडून बाहेर यायचा, बाकावर त्यांच्या शेजारी बसून फॉर्म भरून द्यायचा. एकदा मला म्हणाला, "आजी, मी तुमचीच शाखा उघडलीये तिकडे."

"रकाने नीट बघून भर म्हणजे झालं," मी म्हटलं.

मुदत संपली तशी दोघंही परत घरी आली. अशा योजनांमध्ये पुढे कुणाला ठेवतात असं नसतं, हे आधीच सांगितलेलं होतं, तरी वाईट वाटलंच. भाऊ परत धावायला लागला. बहीण परत डबे करायला लागली, पण आता सकाळचे डबे पोचवायला भाऊ जातो, आणि बरोबर दारात देतो. घरात रोजची अंडी आता चार आणतात. कसं ठरलं ते मी विचारलं नाही.

परवाची गोष्ट. माझा पंखा आवाज करत होता म्हणून मुलगी आलेली. स्टुलावर चढली होती, टेस्टर दातात, आणि मी खालून स्टूल धरलेलं. तिची आई दारात उभी राहून फोनवर बोलत होती. कुणीतरी नवीन स्थळ, बोलण्यावरून कळत होतं. तिकडून विचारलं असणार, मुलगी काय करते. मी स्टुलावरचा हात न हलवता कान तिकडे लावले.

आईने वर लेकीकडे बघितलं.

"इलेक्ट्रिशियन आहे," ती म्हणाली. "सरकारच्या पंपिंग स्टेशनवर होती. सध्या बेरोजगार आहे."

तिकडून काहीतरी लांबलचक बोलणं आलं.

"नाही नाही, घरी नसते. म्हणजे घरी असते, पण तसं नाही हो," आई म्हणाली. मग तिला पुढचं सांगता येईना. फोन हातात धरून दोन पावलं आत आली आणि वर केला. "हे बघ, तूच सांग यांना नीट."

मुलीने दातातला टेस्टर हातात घेतला. "दोन मिनिटं धरायला सांग मम्मी," ती म्हणाली. "इथे करंट चालू आहे."